बोलणं बंद, मिसकॉल चालू

सासूबाईंचा फोन विमान मोडवर टाकायला माझ्या मुलीने हात पुढे केला, तसा त्यांनी तो पदराखाली घेतला.

“जहाजात बसली ना मी? मंग विमान काऊन लावून राह्यली त्याले?”

“आजी, ते नुसतं नाव आहे. त्यानं फोन बंद नाही होत. फक्त बाहेरचं काही आत येत नाही.”

“बाहेरचं आत येत नाई, त मंग फोन कायले पाह्यजे? त्यापेक्षा सुपारीची डबी धरते मी हाती.”

जहाज अजून मुंबईच्या बंदरातच होतं. खोलीत तीन पलंग, एक खिडकी आणि आमच्या चार पिशव्या. चौथी पिशवी चिवड्याची आणि शंकरपाळ्यांची होती. जहाजावर दिवसभर खायला मिळतं असं मुलीने शंभरदा सांगूनही ती आली होती. मी पिशव्या पलंगाखाली सारल्या आणि म्हटलं, “आई, घरून ठरवून निघालो तसंच करायचं. दिवसभर फोन विमान मोडवर. संध्याकाळी मी स्वतः काढून देईन.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि फोन दिला. मी दुकानात मापात कुणाला फसवत नाही, हे त्यांना माहीत आहे. एवढ्याच भरवशावर दिला.

काय ठरलं होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आम्ही वर्ध्याला बोरगाव मेघेत राहतो. गावात माझं मॅचिंग सेंटर आहे: ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस, दोरे. मुलगी मुंबईला नोकरी करते. तिने आम्हाला या सहलीला बोलावलं, मुंबईहून लक्षद्वीपपर्यंत जाऊन परत. नवऱ्याने दुकान सांभाळायची तयारी इतक्या चटकन दाखवली की मला शंकाच आली. त्याला एसटीतसुद्धा मळमळतं, समुद्राचं नाव काढायला नको. म्हणून आम्ही तिघी. सासूबाईंनी पाणी म्हणून मोठ्यात मोठं पाहिलेलं ते बोर धरण. त्या आनंदाने तयार झाल्या. अडचण एकच होती, त्यांची बहीण.

सासूबाईंची मोठी बहीण आर्वीला असते. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो. मावशी एकट्याच राहतात. मुलगा हैदराबादला, वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून शाळेतल्या एक बाई. फोनवर बोलायला पैसे पडायचे त्या काळात या दोघी बहिणींनी एक पद्धत लावून घेतली. दिवेलागणीला देवाजवळ दिवा लावला की मावशींनी एक मिसकॉल मारायचा. एकच घंटी. मग इकडून सासूबाईंनी उलट एक मारायचा. उचलायचा कुणीच नाही. अर्थ एवढाच, की मी आहे, तू आहेस ना? पुढे बोलणं जवळपास फुकट झालं आणि दोघी दुपारी पोटभर बोलू लागल्या, पण संध्याकाळचा मिसकॉल तसाच राहिला. आमच्या घरी त्या वेळी फोन वाजला तर कुणी वळूनही बघत नाही.

मग साडीचं झालं. मावशींनी आहेरात दिलेली एक साडी सासूबाईंनी पुढे एका लग्नात देऊन टाकली. यात गैर काही नाही. देण्याघेण्याच्या साड्या कुणी फॉल लावायला आणत नाही, हे मी दुकानावरून सांगते. त्या फिरायलाच असतात. पण ही साडी फिरत फिरत सेलूला एका डोहाळजेवणात पोचली आणि तिथे ओटी भरताना नेमकी मावशींच्याच मांडीवर आली. मावशींनी घडी उलगडली, काठ पाहिला, आणि पंगतीत ऐकू जाईल अशा आवाजात बहिणीला म्हणाल्या, “माह्या साडीले माह्याकडे यायचा रस्ता ठाऊक हाय. तुलेच नाई.”

सासूबाईंना उत्तर सुचलं नाही, आणि वेळेवर उत्तर न सुचणं यासारखा अपमान त्यांच्या लेखी दुसरा नाही. त्या दिवसापासून बोलणं बंद. उन्हाळ्यात बंद झालं ते पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडी पडली तरी बंदच. दिवाळीचा फराळ नवरा आर्वीला देऊन आला, तर मावशींनी डबा ठेवून घेतला आणि चौकशी फक्त नवऱ्याच्या गुडघ्याची केली. पण मिसकॉल एक दिवस चुकला नाही. दिवा लागला की तिकडून घंटी, इकडून घंटी. तोंडाने एक शब्द नाही. मला आधी हसू यायचं. नंतर लक्षात आलं की दोघींमध्ये आता तेवढंच उरलं आहे.

आणि आम्ही निघालो होतो जिथे टॉवर नाही तिथे.

मी सोपा उपाय सुचवला होता. “आई, फोन घरी ठेवू. हे रोज संध्याकाळी मारतील मिसकॉल.”

“मी जित्ती हाओ हे तो काऊन सांगन?” त्या म्हणाल्या.

बरोबरच होतं ते.

“मग मावशींना कळवू तरी, की तुम्ही समुद्रावर चालल्या. वरच्या बाईंना निरोप देते.”

“काई नको. म्हनन, माह्याशी बोलाले तोंड नाई, अन् समुद्र पाहत फिरून राह्यली.”

झालं. आता घंटी समुद्रातून जायला हवी होती, आणि सासूबाईंच्या हातूनच.

मी आधी चौकशी करते, मग घाबरते. रिचार्जवाल्याला विचारलं, कंपनीला फोन लावला, मुलीला विचारलं. तिघांचं म्हणणं जुळलं तेव्हा विश्वास ठेवला. किनारा लांब गेला की आपल्या कंपनीचा टॉवर सुटतो. मग जहाजाचा स्वतःचा टॉवर असतो, तो उपग्रहावरून चालतो, आणि फोन आपल्याला न विचारता त्याला जाऊन चिकटतो. तिथे फोन लावला तर पैसे, आलेला उचलला तरी पैसे, आणि इंटरनेट उघडं राहिलं तर फोन आपणहून काय काय मागवत बसतो, त्याचे सगळ्यात जास्त. लोक घरी आल्यावर बिल बघून डोकं धरून बसतात ते याचमुळे. उपाय म्हणजे जहाजावर पाय ठेवल्यापासून विमान मोड. त्यावर वायफाय वेगळं चालू करता येतं. जहाजाचं वायफाय विकत घ्यायचं, त्याचा भाव आधीच ठरलेला, म्हणून मागून काही अंगावर येत नाही. पण मावशींचा फोन बटणांचा. वायफायवरून त्यांना मिसकॉल जाणार कसा?

एक वाट मात्र उरत होती. न उचललेल्या घंटीला पैसे नाहीत. कुठेच नाहीत, समुद्रातही नाहीत. म्हणून मी सासूबाईंच्या नंबरवर बाहेरचं रोमिंग चालू करून घेतलं, इंटरनेट बंद केलं, आणि नियम घालून दिला: संध्याकाळी विमान मोड काढायचा, मावशींची घंटी येऊ द्यायची, आपली मारायची, पुन्हा विमान मोड. उचलायचं नाही. वर्षानुवर्षं जे करत आलात तेच.

“त्यात काय शिकवून राह्यली मले,” असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या.

पहिल्या संध्याकाळी काही त्रास झाला नाही. किनाऱ्याचे दिवे दिसत होते, आपलाच टॉवर होता, म्हणून विमान मोड मी उजेड असतानाच काढून ठेवला होता. घंटी आली, घंटी गेली. खोलीत दिवा लावायला मनाई होती. आगीची भीती असते म्हणे. सासूबाईंनी टेबलावरचं दिव्याचं बटण दाबलं, त्यालाच हात जोडले आणि जेवायला चला म्हणाल्या. जेवणात इतके प्रकार होते की त्या ताट घेऊन सगळीकडे फिरून आल्या आणि शेवटी वरण-भातावर बसल्या. वरणात गूळ होता. “गुजराथ्यायचं जहाज हाय का वो?” असं त्यांनी वाढणाऱ्या माणसालाच विचारलं.

दुसऱ्या दिवशी जिकडेतिकडे पाणीच. सकाळी ते मोरपंखी होतं, दुपारी हिरवट रामा कलरवर आलं. माझ्याकडे त्या रंगाचं अस्तर कायम संपलेलं असतं. संध्याकाळी आम्ही वरच्या डेकवर खुर्च्या धरून बसलो. लोक सूर्यास्ताचे फोटो काढायला जमले होते. फोन माझ्या पर्समध्ये, विमान मोडवर.

“काढू का?” मी विचारलं.

“थांब. सूर्य बुडू दे. दिवेलागण झाल्याबिगर ती घंटी मारतच नाई.”

सूर्य काही बुडेना. आमच्याकडे थंडीच्या दिवसांत संध्याकाळ अशी पटकन आटोपते की दुकानात दोऱ्याचा रंग जुळवता जुळवता ट्यूबलाइट लावावी लागते. इथे तो लोंबकळतच राहिला. एकदाचा गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते मला कळलं नाही. मी विमान मोड काढला. थोड्या वेळाने जहाजाच्या टॉवरचं नाव आलं, बाजूला दोन काड्या उभ्या राहिल्या. फोन सासूबाईंच्या हातात दिला.

घंटी आली नाही.

आम्ही थांबलो. सासूबाईंनी फोन उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, पदराने पुसला.

“टॉवर हाय ना?”

“आहे.”

“मंग काऊन नाई मारून राह्यली ती?”

मुलगी तोवर कठड्याशी उभी होती. तिने मागे वळून एकदम कपाळावर हात मारला. “आजी! आर्वीत केव्हाच अंधार पडला असेल. आपण केवढे पश्चिमेला आलो, खालीही आलो. तिकडे सूर्य आधी बुडतो, इकडे नंतर.”

“सूर्य एकच हाय ना वो?”

“एकच आहे, पण तिकडून आधी जातो.”

सासूबाईंनी ते मनात लावून पाहिलं. मग म्हणाल्या, “म्हंजे तिनं मारली.”

“मारली असेल. तेव्हा आपला फोन विमान मोडवर होता.”

“मंग तिले काय ऐकू आलं असन?”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं, “बंद आहे, असं.”

“बंद.” त्यांनी तो शब्द तसाच परत उच्चारला. “बोलनं बंद हायच. आता तिले वाटन, मी घंटीबी बंद केली.”

इतकी वर्षं मी त्यांना पाहते आहे. दुधाचं पातेलं सांडलं, कुणी गेलं, कुणी आलं, त्यांचा आवाज एका पट्टीत असतो. त्या दिवशी पट्टी उतरली. मी म्हटलं, “मग आता तुम्ही मारा. पहिल्यांदा तुम्ही मारली तर काही बिघडत नाही.”

बिघडत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पहिली घंटी थोरलीची, हा रिवाज. पण त्यांनी बटण दाबलं. फोन नेहमीसारखा स्पीकरवर. बराच वेळ नुसती शांतता. उपग्रहाला जाऊन आर्वीला उतरायचं म्हणजे वेळ लागणारच. मग एक घंटी वाजली, आणि सासूबाईंचं बोट लाल बटणाकडे जाण्याआधीच पलीकडून आवाज आला.

“कोन?”

मावशींनी फोन उचलला होता. जहाजावरून लावलं की आपला नंबर तिकडे दिसत नाही, भलताच दिसतो. ही गोष्ट मात्र चौकशी केली त्या तिघांपैकी एकानेही मला सांगितली नव्हती.

सासूबाईंनी फोन हातभर लांब धरला, कंदिलाची तापलेली चिमणी धरावी तसा. मी खुणेने सांगितलं, कापा. त्यांनी कापला नाही. बोलल्याही नाहीत.

“हॅलो? कोन बोलून राह्यलं?” मावशी म्हणाल्या. “बँकेवाला असन त आधीच सांगते, माह्या खात्यात काई नाई. दुसरं घर पाहा.”

मुलीने तोंडावर हात दाबला. मी लाल बटणाकडे बोट नेलं, तर सासूबाईंनी फोन पलीकडच्या हातात घेतला. मग मावशींचा आवाज आला, पण खालच्या पट्टीत:

“बोलतबी नाई, ठेवतबी नाई. म्हंजे लहानीच हाय.”

सासूबाईंनी घसा साफ केला. आणि इतक्या महिन्यांनी बहिणीशी पहिलं वाक्य बोलल्या ते हे:

“फोन काऊन उचलला?”

“तू काऊन लावला, ह्या भलत्याच नंबरावरून? घंटी मारली मी, त ते बया म्हनते बंद हाय. परत मारली, परत बंद. मी लुगडं बदलून बसली, चपला घालून. वरच्या मास्तरीनबाईले म्हटलं, वर्ध्याची गाडी कोनती हाय पाह्य, मी चालली.”

“आता? अंधाराचं?”

“मंग काय उद्या येऊ? उद्या येऊन काय पाहू?”

सासूबाईंनी फोन तोंडाजवळ आणला. म्हणाल्या, “येऊ नको. मी घरी नाई.”

“मंग कोठी हाय?”

“समुद्रात.”

“कोठी?”

“समुद्रात वो! मोठ्या जहाजात. नातीनं आनलं.”

मग एकेक शब्द सुटा करून मावशी म्हणाल्या, “मले सांगतलंबी नाई.”

“तू बोलत होती का माह्यासंग?”

“मी नोती बोलत? तू नोती बोलत!”

“वा वा! पंगतीत कोन बोललं मंग?”

“बोलली त बोलली. मोठी हाओ. तू काय मुकी होती का? बोलाचं होतं मंग तूबी!”

इथून पुढे दोघींचं एकदमच सुरू झालं. जहाजाचा टॉवर, मधला उपग्रह, यामुळे एकीचं बोलणं दुसरीला जरा उशिराने पोचत होतं, म्हणून भांडण एकमेकींवर चढत होतं. पण त्यांचं तसंही असंच असायचं. आजूबाजूचे लोक बघायला लागले. मुलगी माझ्यापुढे येऊन बोटांनी पैसे मोजल्यासारखं करत होती, मिनिटांचं बिल. मला ते मिनिट न्‌ मिनिट कळत होतं. पण मी इतकी वर्षं गल्ल्यावर बसले आहे. कोणतं गिऱ्हाईक नुसती घासाघीस करतं आणि कोणतं आज घेऊनच जाणार, ते मला चेहऱ्यावरून कळतं. मी हात मागे घेतला.

मात्र किती वेळ? मावशी श्वास घ्यायला थांबल्यावर मी फोनकडे वाकून म्हटलं, “मावशी, मी बोलते. चपला काढा आणि वरच्या बाईंना खाली बोलवा. मी इथलं वायफाय घेते आणि त्यांच्या फोनवर लावते. मग पाहिजे तेवढं भांडा. हा फोन आता ठेवा.”

“काऊन?”

“याला पैसे पडून राहिले. समुद्रातले.”

“मंग ठेव ना वो!” मावशी बहिणीवर ओरडल्या.

“तू ठेव.”

“लावला तू, तूच ठेव.”

“मोठी तू हाय. मी कशी ठेवू?”

दोघींचंही रीतीला धरून होतं. म्हणून लाल बटण मी दाबलं आणि लगेच विमान मोड लावला. या वेळी सासूबाईंनी विमान काऊन म्हणून विचारलं नाही. त्या पायऱ्यांकडे निघाल्याच होत्या. वायफाय कुठे मिळतं हे त्यांना माहीत नव्हतं, तरी पुढे त्याच.

वायफाय घेतलं. माझ्या फोनवर विमान मोड ठेवूनच ते चालू करायचं, हे मुलीने दोनदा तपासलं. आर्वीच्या बाईंना फोन गेला, आणि पडद्यावर आधी त्यांच्या छताचा पंखा आणि मग मावशींचं नुसतं कपाळ दिसू लागलं. इकडून सासूबाई फोन कानाला लावत होत्या, म्हणजे मावशींना बहिणीचा कान दिसत असणार. “खाली धर,” “वर धर,” यातच पहिला बराच वेळ गेला. मग माझं काम संपलं. मी चिवड्याची पिशवी उघडून बसले. मावशींच्या पोटाचं दुखणं, हैदराबादच्या सुनेला काय झालं, कोणाच्या घरी काय शिजतं, असं सगळं उन्हाळ्यापासूनचं साचलेलं निघालं. साडीचा विषय दोघींनी काढला नाही.

बाहेर अंधार झाला होता. समुद्र दाखव म्हणून मावशींनी हट्ट धरला. खिडकीत फोन लावला तर त्यांना खोलीतला आमचाच दिवा दिसला. “उद्या उजेडात दाखवजो,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नाश्ता होतो न होतो तोच सासूबाई माझ्या फोनसाठी उभ्या. आम्ही डेकवर गेलो. ऊन चांगलं पडलं होतं, पाणी अगदी जवळ दिसत होतं. फोन लागला. आर्वीला अंगणात मावशी नीट केस विंचरून बसल्या होत्या, मागे वरच्या बाई आणि शेजारच्या आणखी दोघीजणी. सासूबाईंनी फोन समोर धरला आणि सांगायला सुरुवात केली: जहाज केवढं आहे, वरणात गूळ कसा घालतात, सूर्य उशिरा कसा बुडतो. पडद्यावर पूर्ण त्याच होत्या. या कडेपासून त्या कडेपर्यंत चेहरा, आणि कानाच्या मागे निळं टिकलीएवढं काहीतरी.

मावशींनी थोडा वेळ ऐकून घेतलं.

“लहाने,” त्या म्हणाल्या, “तुहं तोंड मी जल्मापासून पाह्यलं हाय. बाजूले सरक, मले समुद्र दिसू दे.”

“दाखवते ना. आधी आयकून त घे.”

“सरक ना वो.”

सासूबाई सरकल्या नाहीत.